टॅप झाला की सोडायचं

देवळाली कॅम्प
४ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

चि. दीपक,

आशीर्वाद नेहमीचेच, ते आले असं धरून चाल. तू माझा नंबर ब्लॉक केलास म्हणून या वयात पोस्टाची पायरी चढावी लागली. माझं अक्षर दिसलं की तू पाकीट न उघडताच चुलीत घालशील, हे मला ठाऊक आहे. म्हणून पत्ता इथल्या ऑफिसातल्या बाईंकडून लिहून घेतला. आता उघडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच.

पोहोचलो. सकाळच्या एसटीने नाशिक, तिथून नाशिक रोड, तिथून बदलून कॅम्प. रहेमान सरांची अकादमी आपण व्हिडिओत बघायचो त्यापेक्षा लहान आहे. भगूर रस्त्याला द्राक्षांचं जुनं पॅकिंग शेड, वर पत्रे, खाली निळ्या मॅट. पण बारा जागा आणि वर्षभराची रांग. एक पोरगा इंदूरचा, एक इंफाळचा, दोन पुण्याचे. सर तोफखान्यातून सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि मग ब्राझीलला जाऊन जिउ-जित्सूचा काळा पट्टा घेऊन आले. कान दोन्ही फुटलेले आहेत. आवाज मात्र एखाद्या मास्तरासारखा हळू.

दारावर यादी लावली आहे. त्यात ‘दीपक केरू सोनवणे’ खोडून वर पेनाने माझं नाव लिहिलंय. खोडलेलं चांगलं वाचता येतं. जागा तुला मिळाली होती हे मी नाकारत नाही. पण तालमीमागच्या खोलीत मोबाइल खिडकीत टेकवून तुला पहिला डाव कोणी शिकवला? तुझा हात मोडला, जागा वाया जायची ती घरातच राहिली. दुकानाला दोन महिने कुलूप लावून मी आलो. यात तोंड फिरवण्यासारखं काय आहे, ते आईलाही कळलेलं नाही.

आता काम सांगतो. आल्या आल्या सरांनी विचारलं, भावाचा हात कसा मोडला? मी म्हटलं, सरावात. म्हणाले, किसके साथ? खोटं बोलून निभलं नसतं, तुझ्या अर्जावर सोबत सराव करणाऱ्या सटाण्यातल्या चार पोरांची नावं आहेत, सरांनी त्यांना विचारलं असतं. म्हटलं, माझ्याबरोबर. त्यांनी भिंतीकडे बोट केलं. तिथे हातभर अक्षरांत रंगवलंय, ‘टॅप झाला की सोडायचं’. बाकी एकही नियम लिहिलेला नाही.

इथली रीत अशी, की ज्याच्या हातून सोबत्याचा हात-पाय मोडला त्याने त्या सोबत्याच्या अक्षरात, काय झालं ते लिहून आणायचं. सर ते सगळ्यांसमोर वाचतात. तोवर त्याच्याशी कोणी लढत नाही. “पहिले कागज, फिर मॅट,” म्हणाले आणि माझ्या हातात फडकं दिलं.

तेव्हा एवढंच लिही: मी टॅप केला नव्हता. चार शब्द. उजवा प्लास्टरमध्ये असला तरी डाव्याने होतील. आणि खरं तेच तर लिहायचं आहे. तू टॅप केला नव्हतास, हरलो म्हणून थाप मारली नव्हतीस. केला असतास तर मी सोडलं नसतं का?

आईला नमस्कार. उलट टपाली पाठव.

शेखर


देवळाली कॅम्प
१३ नोव्हेंबर २०२५, गुरुवार

दीपक,

नऊ दिवस झाले. मी नऊ दिवस मॅट पुसतोय. सकाळी सहाला एकदा, दुपारी एकदा, संध्याकाळी घाम वाळायच्या आत एकदा. पाण्यात फिनेल किती टाकायचं ते मला इथल्या सगळ्यांपेक्षा चांगलं कळतं. एवढ्या लांब येऊन एवढं शिकलो, कळव तालमीत सगळ्यांना.

मी भिंतीला टेकून बघतो. लढत सुरू करताना दोघं समोरासमोर बसतात, एकमेकांच्या तळहाताला हात लावतात, मग मुठीला मूठ. सवयीने पहिल्या दिवशी मीही इंफाळच्या पोरापुढे हात केला. त्याने हात मागे घेतला आणि सरांकडे बघितलं. चौतिसाव्या वर्षी एका वीस वर्षांच्या पोराने माझा हात घेतला नाही. रात्रीच्या जेवणाला तोच मला भाजी वाढतो. म्हणजे माणूस वाईट नाही.

कशिश नावाची मालेगावची मुलगी आहे. एकोणीस वर्षांची, वजन बावन्न किलो, डोक्याला घट्ट रुमाल. ती ऐंशी किलोच्या पुणेकराला खाली पाठीवर पडून गुंडाळते. आपले आण्णा असते तर उठून गेले असते. त्यांच्या कुस्तीत पाठ टेकली की संपलं, इथे पाठ टेकल्यावर सुरू होतं. त्यांच्या कुस्तीत सोडायचंही नसतं. पंच सोडवतो, पैलवान सोडत नाही. मला लहानपणापासून तेच वळण आहे, हे तू सरांना कळवलंस तरी चालेल. म्हणजे मुद्दाम कोणी काही केलं नाही, एवढं त्यांच्या लक्षात येईल.

काल ती पोरगी मला म्हणाली, “भाऊ, बादली इकडं राहिली.” कोणीच हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

दीपक, ९ ऑक्टोबरची संध्याकाळ मी पुन्हा पुन्हा आठवून पाहिली. तुझा हात माझ्या दोन पायांत, कोपर माझ्या पोटावर, मनगट छातीशी. सरळ आर्मबार होता, कंबर उचलली की कोपर उलटं जातं तो. त्या वेळी माझ्या मांडीवर एकदा काहीतरी लागलं असेल. असेलही. माशी बसावी तसं. त्याला टॅप म्हणायचं का, हे तूच सांग. तू जोरात करायला हवा होतास. शिकवताना मी तुला शंभरदा सांगितलं होतं, की समोरच्याला कळेल असा टॅप करावा. तू माझं कधी ऐकलंस?

तर ‘मी टॅप नीट केला नाही’ असं लिहिलंस तरी चालेल. मी अडून बसणारा माणूस नाही.

आईने रविवारी फोनवर सांगितलं, की तुझी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अजून बधिर आहे. चहाचा कप हातातून सुटला म्हणे. व्यायाम कर. नुसतं बसून राहिलं की शिरा आखडतात.

वाट बघतोय.

शेखर


देवळाली कॅम्प
२३ नोव्हेंबर २०२५, रविवार

ती. आईस साष्टांग नमस्कार.

आई, तुला वाचता येत नाही म्हणून हे पत्र दीपकच तुला वाचून दाखवेल. दीपक, मध्ये थांबू नकोस. आई समोर बसली आहे, तिचे डोळे तुझ्या तोंडाकडे आहेत. मोठ्याने वाच.

आई, मी इथे बरा आहे. जेवण चांगलं मिळतं. थंडी सटाण्यासारखीच आहे. फोन सकाळी जमा करून घेतात आणि रविवारी तासभर देतात, म्हणून रोज बोलणं होत नाही. मी दिवसभर फरशी पुसतो. तुझा थोरला मुलगा, ज्याने आण्णा गेल्यावर दीपकला शाळेत घातलं, त्याच्या पायात पैलवानी बूट घातले, तो आज इथे लोकांच्या घामावर फडकं फिरवतो. कारण तुझा धाकटा चार शब्द लिहीत नाही. मागच्या रविवारी तू मला म्हणालीस, “तो लिखस नही, मी काय करू? तुना भाऊ शे, तूच सांग.” मी सांगून थकलो. आता तू सांग. तू सांगितलेलं तो टाळत नाही. उद्यापासून तू त्याच्याशी बोलू नकोस, म्हणजे त्याला समजेल. त्याला भरवायचंही बंद कर. डावा हात आहे, जेवेल त्याने.

दीपक, इथून पुढचं आईला वाचू नकोस. पान उलटून काहीतरी बरं बोल, की शेखर पोळ्या खातो आणि खुशाल आहे.

तुझी आणि पूजाची सुपारी फुटली तेव्हा तिच्या वडिलांना, कारभारीमामांना, काय सांगितलं ते आठव. मुलगा पोलीस भरतीच्या तयारीत आहे, धावण्यात पहिला, गोळाफेकीला पैकीच्या पैकी मार्क. हात मोडल्यावर आईने त्यांना काय सांगितलं तेही आठव. मोटारसायकलवरून पडला, संक्रांतीला प्लास्टर निघालं की होता तसा होईल. त्या वेळी मीही मान डोलावली होती, तुझ्यासाठी. नाशिकचे डॉक्टर माझ्यासमोर म्हणाले ते वेगळं होतं. कोपर सरळ होणार नाही, बोटांत पुन्हा जोर येणार नाही. हे तू, मी आणि आई, तिघांनाच माहीत आहे. पूजालाही तू सांगितलेलं नाहीस. सांगितलं असतंस तर ती अजून तुझ्यासाठी ताहाराबादहून डबा पाठवत बसली नसती.

कारभारीमामा सरळ माणूस आहे. हात मोडला म्हणून नाही, फसवलं म्हणून लग्न मोडेल तो. हाताचं खरं सांगणारं त्यांच्या नावाचं पत्र मी कालच लिहून ठेवलंय. पाकीट बंद आहे, तिकीट लावलंय, माझ्या बॅगेच्या पुढच्या कप्प्यात आहे. कॅम्पातलं पोस्ट इथून पंधरा मिनिटांवर आहे.

तू दोनदा टॅप केला असशील असं धरलं, तरी त्याने आता तुझा हात सरळ होणार आहे का? नाही ना? मग माझं कशाला वाकडं करतोस? चार तारखेपर्यंत तुझा कागद आला तर मामांचं पाकीट मी फाडून टाकीन. आण्णांची शपथ.

आता पुन्हा मोठ्याने वाच. आई, तब्येतीला जप. रात्री पाय शेकत जा.

तुझा शेखर


देवळाली कॅम्प
३ डिसेंबर २०२५, बुधवार

दीपक,

कागद आला. ऑफिसातल्या बाईंनी तो सरळ सरांकडे दिला, त्यामुळे मला वाचायला मिळालेला नाही. पण लांबून दिसला. वहीचं पान आहे आणि अक्षरं पहिलीतल्या पोराने काढावी तशी मोठी आणि खाली उतरत गेलेली. त्या पानाला तुला बराच वेळ लागला असेल. दिसलं मला ते.

सर म्हणाले, उद्या सकाळी सगळ्यांसमोर वाचीन, मग तू मॅटवर ये. तीस दिवसांनी पहिल्यांदा मी सरावाचा जाड पांढरा कोट काढून उन्हात टाकला. कशिश जाताना म्हणाली, “मुबारक हो भाऊ.” इंफाळच्या पोराने संध्याकाळी माझ्या हातातलं फडकं घेतलं आणि स्वतः पुसलं. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

शेवटी तू ऐकलंस. लहान होतास तेव्हाही असाच होतास, आधी नाही म्हणायचं आणि मग सगळं द्यायचं. मामांचं पाकीट मी उद्या सराव झाला की फाडतो. आत्ताच फाडलं असतं, पण बॅग खाटेखाली आहे आणि सगळे झोपलेत. शपथ घातली आहे, ती मोडणार नाही.

पूजाला माझा नमस्कार सांग. लग्नात मी नाचणार आहे.

तुझा भाऊ
शेखर


नाशिक रोड, बस स्टँड
५ डिसेंबर २०२५, शुक्रवार

दीपक,

कालचं कालच लिहायला हवं होतं. रात्र स्टँडवरच गेली. आज बाकावर बसून लिहितोय. सटाण्याला जाणाऱ्या दोन गाड्या सोडल्या.

सकाळी सगळे भिंतीला रांगेने बसले. सरांनी तुझा कागद वाचला. मी ‘टॅप केला नव्हता’ असं लिही म्हटलं होतं. तू लिहिलंस, ‘मी टॅप केला होता. पण हळू केला असेल. भाऊच्या अंगावर जाड कोट होता, त्याला जाणवला नसेल. तो मुद्दाम करणारा नाही. त्याला आत घ्या. ही जागा त्याच्या कष्टाची आहे.’ सरांनी कागदाची घडी घातली आणि मला म्हणाले, “ये.”

त्यांनी मला जोडीला कशिश दिली. तिने हात पुढे केला, तळहाताला तळहात, मुठीला मूठ. मी जीव लावून लढलो. चार मिनिटांनी तिचा हात माझ्या पायांत आला. तोच आर्मबार. मी कंबर उचलायला लागलो आणि सोडलं. म्हणजे अंगानेच सोडलं, मला कळायच्या आत. ती पुन्हा बसली. दुसऱ्यांदा हात दिला. मी धरला, लगेच सोडला. तिसऱ्यांदाही तसंच. तोवर शेडमधल्या बाकीच्या जोड्या लढायच्या थांबल्या होत्या.

कशिश उठून सरांकडे गेली आणि म्हणाली, “सर, पहिल्यांदा दोन बोटांनी टॅप केला. नंतर एका. तिसऱ्यांदा मी फक्त नख लावलं कोटावर.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “तुम्हाला तर सगळं समजतं भाऊ.” रागाने बोलली असती तर मी काहीतरी बोललो असतो.

सरांनी विचारलं, “भाई ने कितनी बार किया था?”

मी कोटाचा पट्टा सोडून पुन्हा बांधायला लागलो. तुला सांगतो. सहा वेळा. पहिले दोन माझ्या मांडीवर, उघड्या तळव्याने. मग एक मॅटवर, त्याचा आवाज सगळ्या पोरांनी ऐकला. मग पुन्हा दोन मांडीवर, जोरात. सहावा हाताने नव्हता, तोंडाने होता. तू म्हणालास, “भाऊ, बस.” त्यानंतर कोपराचा आवाज आला. मी मोजत होतो दीपक. मोजत होतो म्हणून तर आकडा माहीत आहे.

कशासाठी, ते तू मला एकदाही विचारलं नाहीस. जागेसाठी नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तू माझा गळा मागून आवळला होतास. माझ्या डोळ्यांपुढे काळं यायला लागलं होतं. मी टॅप करणार होतो, हात उचलला होता. आणि तू सोडून दिलंस. पोरांसमोर भावाला टॅप करायला लागू नये म्हणून. वर म्हणालास, “माझा हात निसटला.” पोरांनी माना खाली घातल्या. त्या सगळ्यांना कळलं होतं. तू मला हरवलं असतंस तर मी तुला मिठी मारली असती. तू मला सोडलंस, ते काही माझ्याच्याने पचलं नाही.

आणि परवाच्या कागदात पुन्हा तेच केलंस. जाणवला नसेल, मुद्दाम करणारा नाही, आत घ्या. डाव्या हाताने, वाकड्या अक्षरांत. मी सांगितलेलं खोटं लिहिलं असतंस तर मी वाचलो असतो. शिव्या लिहिल्या असत्यास तरी मी वाचलो असतो.

सरांनी एवढंच सांगितलं, “बॅग भर.” तुझा कागद त्यांनी मला दिला नाही, स्वतःच्या खिशात ठेवला. दारावरच्या यादीत माझं नाव खोडलं. तुझं आधीच खोडलेलं होतं, ते तसंच राहू दिलं. मी मॅट पुसून निघालो. कोणी सांगितलं नव्हतं.

कॅम्पातल्या पोस्टापाशी आलो तेव्हा पावणेचार झाले होते. बॅगेच्या पुढच्या कप्प्यातून कारभारीमामांचं पाकीट काढलं. फाडायलाच काढलं होतं. उभ्या उभ्या तुझा कागद शब्दन् शब्द आठवला, आणि मी ते पेटीत टाकलं.

पेटी साडेचारला उघडतात, असं तिच्यावर लिहिलंय. समोर एक बाक होता. मी तिथे पाऊण तास बसलो. साडेचारला पोस्टमन सायकलवर आला, पेटी उघडली, सगळी पत्रं पिशवीत भरली. म्हातारा, भला माणूस होता. चुकून पडलं म्हणून हात जोडले असते तर दिलं असतं त्याने. त्याने माझ्याकडे बघून विचारलंसुद्धा, “काही टाकायचं राहिलं का?” मी म्हटलं, नाही.

ते पत्र उद्या किंवा सोमवारी ताहाराबादला पोहोचेल. हे पत्र मी आज लिहून ठेवतोय, टाकीन मंगळवारी. त्याआधी तुला कळलं तर तू जाऊन मामांच्या पाया पडशील, आणि ते तुला माफ करतील. तू तसाच आहेस.

चार तारखेच्या आत कागद पाठव म्हटलं होतं, तुझा तीन तारखेलाच पोहोचला. पेटीसमोर बसलो होतो तो सगळा पाऊण तास मला ते माहीत होतं.

शेखर